पाचवं वाक्य

"तुमचं चर्च कुठलं?" असं कुणी विचारलं की आमची पंचाईत होते. बॅप्टिस्ट म्हणावं तर नाही, मेथडिस्ट नाही, लुथरन तर नाहीच नाही. बाहेरच्या पाटीवर नुसतं 'चर्च' लिहिलंय आणि खाली उपासनेची वेळ. पूर्वी तिथे ट्रॅक्टर विकायचे, त्यामुळे उन्हं तापली की फरशीतून अजून डिझेलचा वास येतो. आम्हाला कुठलाच पंथ नाही याचा आम्हाला भारी अभिमान आहे. अभिमान हे पाप आहे हेही आम्हीच सांगतो, तेव्हा काय ते समजून घ्या.

पंथ नाही म्हणजे वर कुणी नाही. बिशप नाही, मुख्य कचेरी नाही. बायबल आहे आणि ते वाचणारे आम्ही आहोत, झालं. तरी नवे लोक विचारतातच की तुम्ही मानता तरी काय. म्हणून कॉफीच्या टेबलामागच्या भिंतीवर सात वाक्यं रंगवून घेतली आहेत. देव एकच, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. बायबल हे त्याचं वचन. येशू आपल्या पापांसाठी मेला आणि पुन्हा उठला. चौथं असं, की माणसाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेनं आणि विश्वासानं होतं, स्वतःच्या कर्तबगारीनं नाही. पाचवं, जो स्वतः विश्वास ठेवतो त्याचाच बाप्तिस्मा, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. उरलेली दोन मंडळीच्या कारभाराबद्दल आणि प्रभूच्या परत येण्याबद्दल आहेत. त्यांच्यावरून अजून कुणाचं भांडण झालेलं नाही.

पाचव्यावरून झालं, आणि ते नेमकं माझ्याच घरात शिरलं.

मी लव्हॉन. माझा नवरा हार्लन मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक. वडीलजन तिघे. हार्लन, गुरं पाळणारा व्हर्जिल, आणि आमचा पास्टर ट्रेंट, जो दाढी ठेवून आणि जीन्स घालून उपदेश करतो आणि हार्लनच्या नातवाच्या वयाचा आहे. बायका वडीलजन होत नाहीत. बायका भांडी घासतात आणि सगळं ऐकतात.

बाप्तिस्म्याची टाकी माझ्याकडे. टाकी म्हणजे गुरांना पाणी पाजायची पत्र्याची लांबुळकी टाकी, व्हर्जिलच्या शेतावरून आणलेली. कुणाचा बाप्तिस्मा असला की ती मी आदल्या दिवशी घासते, चर्चच्या दारासमोर गाड्या लावायच्या जागेत मांडते, सकाळी नळीनं भरते आणि स्वयंपाकघरातून कढत पाण्याची पातेली आणून आणून ओतते. कॅन्ससच्या आमच्या बाजूला ऑक्टोबरात नळाचं पाणी हाडं गोठवतं. थंडगार पाण्यात बुडवलेल्या माणसाच्या तोंडून देवाचं नाव निघतं खरं, पण वेगळ्या सुरात.

हार्लनची थोरली बहीण ओपल. माझी नणंद, पण नणंदेचा ताठा तिच्यात औषधालाही नव्हता. तिचा नवरा रॉयस धान्याच्या कोठारावर कामाला होता. माणूस कामसू, जीभ तिखट, आणि चर्चमध्ये पाऊल टाकणार नाही म्हणजे नाही. लग्न झाल्यापासून ओपल दर रविवारी एकटी यायची. आमच्या रांगेत माझ्या शेजारी बसायची आणि कडेच्या खुर्चीवर पर्स ठेवायची. कुणी बसायला आलं की म्हणायची, "ती रॉयसची आहे." जन्मभर ती खुर्ची रॉयसची होती आणि रॉयस घरी अंडी तळत होता.

हार्लनला ते खुपायचं. बहीण लोकांच्यात एकटी बसते आणि हा बाबा घरी लोळतो, म्हणून तो धुसफुसायचा. पण खरा काटा रुतला तो ओपलच्या अंत्यविधीला. रॉयस आला. काळा कोट घातला होता, दाढी केली होती. पिकअप बरोबर चर्चच्या दारासमोर लावली, आणि आत आलाच नाही. बायकोची शवपेटी आत आणि हा बाहेर गाडीत, काच वर केलेली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. आम्ही गाणी म्हटली, ट्रेंटनं प्रार्थना केली, मंडळीतली सगळ्यांत बोलकी बाई नेल्डा मोठ्यांदा रडली. पेटी बाहेर आली तेव्हा हा उतरला आणि पेटीला हात लावला. हार्लननं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

पुढच्या रविवारपासून हार्लन त्या कडेच्या खुर्चीवर आपली टोपी ठेवायला लागला. ओपल पर्स ठेवायची ती रॉयस यावा म्हणून. हार्लन टोपी ठेवायचा ती रॉयसनं बसू नये म्हणून. मला हे कळत होतं, पण मी गप्प बसले. घरात रोज कोण वाद घालणार?

मग रॉयसला घशाचा कॅन्सर निघाला. विचिटाच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं. आता त्याचा श्वास नाकातोंडातून नाही, गळ्याच्या बुडाशी एक भोक आहे, त्यातून. वर तो सुती फडकं बांधतो. बोलायचं असलं की फडक्याखाली अंगठा घालून भोक दाबायचं, मग आतल्या झडपेतून हवा तोंडात येते आणि आवाज उमटतो. खडे भरलेला डबा हलवावा तसा आवाज. श्वास घ्यायला अंगठा उचलायचा, बोलायला दाबायचा. त्या भोकात पाणी गेलं की थेट फुप्फुसात. डॉक्टरनं त्याला आंघोळसुद्धा जपून करायला सांगितलेली.

आणि हा माणूस वसंतातल्या एका रविवारी चर्चमध्ये आला. कुणी बोलावलं नव्हतं. सर्वांत मागच्या रांगेत बसला. नेल्डा गाणं म्हणता म्हणता आ वासून बघत राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा आला. उन्हाळाभर येत राहिला. वचन वाचताना पानं उलटायचा, प्रभुभोजनाचं भाकरी-द्राक्षरसाचं ताट आलं की न घेता पुढे द्यायचा, आणि उपासना संपली की कुणाशी न बोलता निघून जायचा. हार्लन मागे वळून बघायचा नाही, पण त्याची मान ताठ व्हायची ती मला दिसायची.

सप्टेंबरात एका रविवारी ट्रेंटनं नेहमीप्रमाणे शेवटी विचारलं, "कुणाला बाप्तिस्मा घ्यायची इच्छा आहे का?" तो हे दर रविवारी विचारतो आणि बहुधा कुणी हलत नाही, लोकांचं लक्ष जेवणाकडे असतं. मागून हात वर आला. रॉयस उभा राहिला. अंगठा फडक्याखाली गेला.

"मला घ्यायचाय," तो म्हणाला. श्वास घेतला. "माझ्या मेव्हण्याच्या हातून."

आमच्यात बाप्तिस्मा पास्टरनंच द्यावा असं नाही. कुणीही विश्वासणारा देऊ शकतो. बाप लेकाला देतो, मैत्रीण मैत्रिणीला देते. त्यामुळे सगळ्यांच्या माना हार्लनकडे वळल्या. हार्लननं कडेच्या खुर्चीवरची टोपी उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली.

जेवणं झाल्यावर तिघे वडीलजन चर्चच्या स्वयंपाकघरात जमले. मी तिथेच ताटल्या धूत होते. कुणी मला जा म्हटलं नाही, मीही गेले नाही.

"त्यात काय अवघड आहे?" ट्रेंट म्हणाला. "त्याला छातीपर्यंत पाण्यात बसवू आणि डोक्यावरून पाणी ओतू. गळा जपून."

"ओतणं म्हणजे बाप्तिस्मा नव्हे," हार्लन म्हणाला. "ओतायचं मेथडिस्टांनी. बाप्तिस्मा म्हणजे जुना माणूस मेला, पुरला आणि नवा उठला. माणसाला पुरताना डोक्यावर चिमूटभर माती टाकून घरी येतोस का तू?"

"अरे पण बुडवला तर तो खरंच मरेल की," व्हर्जिल म्हणाला. व्हर्जिल फार बोलत नाही, बोलतो ते असं.

"मग त्यानं घेऊ नये. अडलंय कुठं? बाप्तिस्म्यानं तारण होत नाही. विश्वासानं होतं, चौथं वाक्य वाच. त्याचा विश्वास खरा असेल तर तो पाण्याशिवायही तरला. आणि खरा नसेल, तर अख्ख्या तळ्यात बुडवलास तरी उपयोग नाही."

शास्त्र अगदी चोख होतं. ट्रेंट दाढी खाजवत राहिला. पण मी त्या माणसाबरोबर संसार केलाय. शास्त्र बोलत नव्हतं ते. ती दारासमोर लावलेली पिकअप बोलत होती.

"काय हार्लन," मी ताटली आपटून म्हटलं, "व्हर्जिलची आई व्हीलचेअरवर होती तेव्हा तिला चादरीत घालून चौघांनी टाकीत सोडलीच होती ना? तेव्हा डोकं लढवलं होतंस. आता काय झालं?"

"तेव्हा ती पूर्ण बुडाली होती," हार्लन म्हणाला.

दारात कागदी ताटली घेऊन रॉयस उभा होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. त्यानं ताटली ओट्यावर ठेवली आणि अंगठा गळ्याशी नेला.

"सगळे बुडतात. मीही बुडणार." श्वास. "हात छातीवर घ्यायचे असतात ना? मग भोक मला धरता यायचं नाही. तू धर."

"मी?" हार्लन म्हणाला.

"तुझा पंजा मोठा आहे. दोन-तीन सेकंदांचं काम." श्वास. "नीट धरलंस तर वर येईन. नाही धरलंस तर ओपलकडे जाईन. आपल्याला काय, दोन्ही चालतं."

ट्रेंट मध्ये पडला. "रॉयस, तसं नाही करता येणार. कुणाला तरी विचारायला हवं."

"कुणाला?" व्हर्जिल म्हणाला.

खरंच, कुणाला? वर कुणी नाही याचाच तर आम्हाला अभिमान. ट्रेंट म्हणाला, मी प्रार्थना करतो. म्हणजे त्यालाही सुचत नव्हतं. हार्लन मात्र रॉयसकडे बघत होता, आणि ओपल गेल्यापासून रॉयसकडे त्यानं सरळ बघितलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

"ठीक आहे," हार्लन म्हणाला. "ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी."

पुरुष एकदा हट्टाला पेटले की त्यांच्यात आणि व्हर्जिलच्या बैलांत मला फरक दिसत नाही.

मी दुसऱ्या दिवशी भाजलेल्या सोयाबीनसारखी तडतडत रॉयसच्या घरी गेले. तो ओसरीत पावटे सोलत बसला होता. मी म्हटलं, "तुला जीव नकोसा झालाय का? सरळ सांग, म्हणजे मी टाकी घासायचे कष्ट घेणार नाही."

त्यानं शेंग खाली ठेवली, हात पुसला, अंगठा दाबला. "जीव हवाय."

"मग ट्रेंट म्हणतो तसं ओतून घे की. देवाला चालेल. देवाला एवढं पाणी मोजत बसायला वेळ नाही."

"देवाला चालेल गं. हार्लनला चालणार नाही." श्वास. "आणि मी हार्लनकडूनच घेणार."

"का पण? तो तुझं तोंड बघत नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि मला एक पिशवी भरून पावटे दिले. 

घरी आले तर हार्लन मोरीपाशी उभा. त्यानं दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घेतला होता, त्याला चाकूनं गोल भोक पाडलं होतं, साधारण निकेलच्या, म्हणजे पाच सेंटच्या नाण्याएवढं. भोकावर पंजा दाबून कॅन पाण्यात बुडवायचा, वर काढायचा, आणि आत पाणी किती गेलं ते कपात ओतून बघायचं. मी दारात उभी राहून बघत होते. चमचा-दोन चमचे पाणी प्रत्येक वेळी जात होतं.

"रबर लावून बघ," मी म्हटलं, चिडून.

त्यानं खरंच लावलं. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, तो भोकावर धरला आणि वर पंजा. पाणी थोडं कमी गेलं, पण गेलं. रबराला चिकटपट्टी लावली. ओल्या कॅनला पट्टी धरेना. आठवडाभर हे चाललं होतं. जेवण झालं की उठायचा आणि मोरीपाशी. माझ्या स्वयंपाकघरात कापलेल्या कॅनांचा ढीग झाला. एकदा एक थेंबही गेला नाही तेव्हा तो खूश झाला, आणि लगेच पुढच्या वेळी अर्धा कप पाणी आत. कॅन मान हलवत नाही, कॅन खोकत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला कळत होतं.

शनिवारी टाकी घासून मी परत आले तर तो मोरीपाशी नुसता बसून होता, हातात कॅन.

"तुला त्याला बाप्तिस्मा द्यायचाय की त्याला नाही म्हणायचंय?" मी विचारलं. "का त्याला बुडवायचंच आहे? एकदाचं बोल तरी."

"काहीतरी बरळू नकोस."

"मी बरळत नाही. त्या कपात दोन चमचे पाणी आहे, आणि उद्या ते त्याच्या छातीत जाणार आहे."

त्यानं कॅन खाली ठेवला. मग म्हणाला, "तो तिच्या अंत्यविधीला आत आला नाही, लव्हॉन. दारात येऊन बाहेर बसला. तिनं जन्मभर खुर्ची धरली त्याच्यासाठी, आणि त्याला एक दिवस, एकच दिवस आत येऊन बसता आलं नाही."

"मग विचारलंस का कधी त्याला?"

"विचारायचंय काय त्यात? दिसत होतं की."

रविवारी मी पहाटेच गेले. नळी लावली. चारही शेगड्यांवर पातेली चढवली. ट्रेंट दोनदा येऊन पाण्यात बोट घालून गेला, जणू पाणी कोमट असलं की त्याची जबाबदारी संपणार होती. तो हार्लनशी बोलला, रॉयसशी बोलला, दोघांनीही त्याला ठीक आहे, ठीक आहे म्हणून वाटेला लावलं. व्हर्जिलनं कुणाला न सांगता ॲम्ब्युलन्सवर काम करणाऱ्या आपल्या भाचीला उपासनेला बोलावलं होतं. ती दाराशी पिशवी घेऊन उभी होती. व्हर्जिलचं डोकं चालतं, फक्त आवाज करत नाही.

उपासना झाल्यावर सगळे बाहेर आले आणि टाकीभोवती उभे राहिले. वारा होता. रॉयस जुना शर्ट आणि कामाची पॅंट घालून आला. टाकीच्या कडेला दोन्ही हातांनी धरून आत उतरला आणि पाय लांब करून बसला. पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं. गळ्यावरचं फडकं त्यानं सोडून माझ्याकडे दिलं. ते भोक बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच बघितलं. नेल्डानं नजर वळवली आणि पुन्हा आणली.

हार्लन टाकीच्या बाहेर रबराच्या चटईवर गुडघे टेकून बसला. खिशातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा काढून त्यानं कडेवर ठेवला. मी शेवटचं पातेलं आणलं होतं, अर्धं टाकीत ओतलं होतं, अर्धं तसंच खाली निवत ठेवलं होतं.

पाण्यात जाण्याआधी साक्ष द्यायची असते. आपण विश्वासाला कसे आलो ते आपल्या शब्दांत चारचौघांत सांगायचं. कुणी बिअर सोडल्याचं सांगतं, कुणी नुसतंच रडतं. रॉयसनं अंगठा गळ्याकडे उचलला आणि मध्येच थांबला. कडा धरून उतरताना हात कोपरापर्यंत भिजले होते, बोटांवरून पाणी गळत होतं. तो अंगठा गळ्याशी नेला असता तर पाणी आत गेलं असतं. त्यानं हाताकडे बघितलं, मग हार्लनकडे बघितलं.

हार्लनचे हात कोरडे होते. तरी त्यानं ते पॅंटला पुसले. मग उजवा अंगठा त्या भोकावर ठेवला आणि दाबला.

नुसती फुसफुस झाली. रॉयसनं त्याच्या मनगटावर टिचकी मारली. हार्लननं अंगठा उचलला, रॉयसनं श्वास घेतला, हार्लननं पुन्हा दाबला. आता आवाज आला.

"मी ओपलला लग्नाच्या वेळीच सांगितलं होतं."

अंगठा वर. श्वास. अंगठा खाली.

"मला पटल्याशिवाय मी चर्चमध्ये पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, ठेवूही नकोस. नुसता माझ्यासाठी आलास तर मला चालणार नाही."

अंगठा वर. हार्लन त्याच्या छातीकडे बघत होता, कधी भरते ते. अंगठा खाली.

"तिचा अंत्यविधी झाला, त्या दिवशी मी तिथे होतो." त्यानं ओल्या बोटानं दाखवलं. दारासमोरची जागा, जिथे आता व्हर्जिलचा ट्रक उभा होता. "आत आलो असतो तर तुम्ही सगळे म्हणाला असता, बघा, शेवटी आला."

श्वास.

"ते खोटं झालं असतं. माझं काही पटलेलं नव्हतं. तिच्या पेटीसमोर खोटं कसं वागू?"

श्वास. हा मोठा होता.

"गाडीचं दार उघडायला हात जात होता. म्हणून स्टिअरिंग धरून बसलो. दोन्ही हातांनी."

 मी हार्लनच्या अंगठ्याकडे बघत होते. तो वरच ठेवला असता तर रॉयस तिथेच मुका झाला असता. हार्लननं तो उचलला, रॉयसची छाती भरू दिली, आणि स्वतःच पुन्हा खाली ठेवला.

"आता पटलंय," रॉयस म्हणाला. "एवढंच."

विचारायचं काम हार्लनचं होतं.  "येशू ख्रिस्त हा देवाचा पुत्र आहे, तो तुझ्यासाठी मेला आणि उठला, असा तुझा विश्वास आहे?"

अंगठा खाली.

"आहे."

रॉयसनं हात छातीवर घेतले. मोठा श्वास घेतला आणि डोळे मिटले. हार्लननं रबराचा तुकडा भोकावर ठेवला, त्यावर पंजा दाबला, डावा हात रॉयसच्या पाठीमागे घातला. व्हर्जिलची भाची दोन पावलं पुढे आली. आता फक्त मागे झुकवायचं होतं. पाणी कोमट होतं, मी स्वतः बघितलं होतं.

हार्लननं त्याला झुकवलं नाही.

तो तसाच राहिला. रॉयसचा चेहरा लाल व्हायला लागला. त्यानं डोळे उघडले आणि हार्लनच्या मनगटावर पुन्हा टिचकी मारली, चल, म्हणून. हार्लननं पंजा काढून घेतला. रॉयसची छाती भस्सकन भरली.

"मला भीती वाटते, रॉयस," हार्लन म्हणाला.

सगळ्या मंडळीसमोर म्हणाला. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, हे वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. रॉयसला बोलता येत नव्हतं, तो नुसता बघत राहिला. हार्लननं इकडे तिकडे बघितलं.

"लव्हॉन, ते पातेलं दे."

मी दिलं. हार्लननं माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून रॉयसच्या गळ्याभोवती गुंडाळला, त्याच्यावर पंजा ठेवला, न्हाव्याकडे धुवायला मान मागे करतात तशी त्याची मान कडेवर मागे टेकवली, आणि ते अर्धं पातेलं त्याच्या डोक्यावर हळूहळू ओतलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. पाणी कपाळावरून केसांत आणि केसांतून मागे टाकीबाहेर गेलं. गळ्यावर थेंब आला नाही. 

माणूस पाण्यातून वर आला की आम्ही टाळ्या वाजवतो, शिट्ट्या मारतो. आता कुणाला कळेना, वर आलाय म्हणायचं की नाही. शेवटी नेल्डाच बोलली, दुसरं कोण बोलणार.

"हार्लन, मग हा झाला असं धरायचं का?"

हार्लन तसाच गुडघ्यांवर होता, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, हातात माझं पातेलं.

"त्याचं झालं," तो म्हणाला. "माझं राहिलंय."

रॉयसनं हात पुढे केला, हार्लनचा अंगठा धरला, टॉवेलला पुसला आणि टॉवेल बाजूला सारून स्वतःच आपल्या गळ्यावर नेऊन ठेवला.

"टाकीत पाणी आहे अजून, मेव्हण्या."

आधी व्हर्जिल हसला. मग सगळे हसले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी शिट्टी मारली. हार्लन हसला नाही. तो टाकीच्या कडेवर कपाळ टेकून रडला, आणि रॉयसनं आपला ओला हात त्याच्या मानेवर ठेवला. मला काय वाटलं म्हणाल, तर मला ओपल हवी होती. तिनं हे बघायला हवं होतं, आणि ती नव्हती, आणि मला तिचा राग आला, जाण्याची काय घाई होती म्हणून.

पाचवं वाक्य भिंतीवर अजून तसंच आहे. ते खोडा असं कुणी म्हटलं नाही. हार्लननं त्याच दुपारी वडीलजनांचं काम सोडतो म्हणून सांगितलं, ट्रेंट म्हणाला मी प्रार्थना करतो.

पण ते नंतर. आधी आम्ही शेवटचं गाणं म्हणायला आत गेलो. हार्लन आमच्या रांगेत बसला आणि टोपी त्यानं मांडीवर घेतली, कारण कडेच्या खुर्चीवर रॉयस बसला होता, नखशिखान्त ओला. त्याला गाता येत नाही, तो नुसता बसून होता. खुर्चीखाली पाण्याचं हे एवढं थारोळं झालं. ते पुसायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.